आठ महिन्यांची शिक्षा आणि ग्रामपंचायतीची उमेदवारी

लालबागकर:
माझा मामेभाऊ आमच्या संगमेश्वर तालुक्यातील गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू इच्छितो. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत 2021 साली त्याला भारतीय दंड संहितेच्या कलम 325 खाली दोषी ठरवून आठ महिन्यांची साधी कैद सुनावण्यात आली. त्याविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात प्रलंबित असून तो जामिनावर आहे. ग्रामस्थ मंडळाच्या परळ येथील बैठकीत एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले की दोन वर्षांहून कमी शिक्षा असेल तर काही अडचण नाही, शिवाय शिक्षेला स्थगिती असल्यामुळे प्रश्नच मिटला. हे खरे आहे का? अर्ज छाननीत बाद होऊन गावात शोभा होण्यापेक्षा आधीच विचारलेले बरे.

वकील, गिरगाव:
त्या गृहस्थांची दोन्ही विधाने चुकीची आहेत, परंतु हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यांना दोष देववत नाही. दोन वर्षांची मर्यादा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 8(3) मधील असून ती खासदार आणि आमदार यांच्यापुरती आहे. वृत्तपत्रांत चर्चा तिचीच होते, म्हणून लोक ती सगळीकडे लावतात. ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 14 लागू होते आणि तेथे कोणत्याही गुन्ह्यासाठी सहा महिने किंवा त्याहून अधिक कैद झाली असेल, तर सुटकेनंतर पाच वर्षे होईपर्यंत ती व्यक्ती अपात्र असते. दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेल्याच्या बाबतीत तर कैदेची मुदतही पाहिली जात नाही. दोषसिद्धीपासून पाच वर्षे मोजली जातात. आपल्या भावाला आठ महिन्यांची शिक्षा आहे आणि त्याने ती अद्याप भोगलेली नसल्याने, माझ्या मते, ती पाच वर्षे मोजायला अजून सुरुवातही झालेली नाही.

निवृत्त शिरस्तेदार:
वकीलसाहेबांनी स्थगितीचा मुद्दा सोडला, म्हणून लिहितो. अपील न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा परिच्छेद शब्दशः वाचा. शंभरातील बहुतेक आदेशांत ‘अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी स्थगित करण्यात येते’ एवढेच वाक्य असते. त्याचा अर्थ माणूस तूर्त तुरुंगात जाणार नाही, इतकाच. तो दोषी असल्याचा निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहतो. अपात्रता टळण्यासाठी ‘दोषसिद्धीस स्थगिती’ असे स्वतंत्र शब्द हवेत आणि त्यासाठी स्वतंत्र मागणी करावी लागते. न्यायालये ती अपवादानेच मान्य करतात.

उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. सुरतच्या न्यायालयाने 23 मार्च 2023 रोजी राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. सत्र न्यायालयाने जामीन देऊनही त्यांची खासदारकी परत आली नाही. 4 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, तेव्हा कुठे ती परत आली. याउलट नागपूर जिल्हा बँक प्रकरणात सुनील केदार यांना डिसेंबर 2023 मध्ये पाच वर्षांची शिक्षा होऊन आमदारकी गेली, नंतर उच्च न्यायालयाकडून जामीनही मिळाला, परंतु दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही; त्यामुळे 2024 ची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही आणि सावनेरमधून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या.

विलेपार्ल्याचा रहिवासी:
थोडे विषयांतर, पण मला यातील उफराटा न्याय खटकतो. गावच्या सदस्याला सहा महिन्यांच्या शिक्षेने दार बंद होते आणि कायदे करणाऱ्याला बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षांपर्यंत मोकळीक मिळते. त्यातही 2013 पर्यंत कलम 8(4) मुळे विद्यमान आमदार-खासदारांना अपिलासाठी तीन महिन्यांचे कवच होते आणि अपील दाखल केले की ते निकालापर्यंत टिकत असे. लिली थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2013 रोजी ते कलम रद्दबातल ठरवले. बांधावरच्या भांडणात अडकलेल्या शेतकऱ्याला असे कवच कोणी दिले होते?

वकील, गिरगाव:
खटकणे रास्त आहे. मात्र 8(1) मधील यादीतल्या गुन्ह्यांत, उदाहरणार्थ लाचलुचपतीच्या प्रकरणात, आमदाराला नुसत्या दंडानेही सहा वर्षांची अपात्रता येते, हेही ध्यानात घ्यावे.

लालबागकर:
सर्वांचे आभार. काल रात्री भावाने आदेशाचा फोटो पाठवला. शिरस्तेदारांनी लिहिलेले वाक्य त्यात जवळजवळ त्याच शब्दांत आहे. दोषसिद्धीच्या स्थगितीसाठी अर्ज करावा, असे त्याच्या वकिलांना कळवले आहे, पण छाननीपूर्वी त्यावर सुनावणी होईल असे दिसत नाही. वाडीत आता वहिनीचे नाव घेतले जात आहे. ती स्वतः मात्र अजून हो म्हणालेली नाही.