पॉकेट ३ चं, चार्टवर ५. हायजिनिस्टनं गप्प बसायचं का?

स्केलरताई

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणारे, सांभाळून घ्या. मी डेंटल हायजिनिस्ट आहे, दोन वर्षांचा डिप्लोमा, स्टेट डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं आहे (आधीच सांगते कारण निम्म्या लोकांना वाटतं आम्ही म्हणजे ट्रे धुणारी पोरगी). ठाण्याच्या पुढं एका क्लिनिकमध्ये नोकरी करते, नाव विचारू नका. स्केलिंग (टार्टर काढणं), पॉलिशिंग, ब्रश कसा फिरवायचा ते शिकवणं आणि हिरडीचे पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट, २-३ मिमी म्हणजे निरोगी) मोजून चार्ट भरणं हे माझं काम.

तर परवा एक काकू आल्या, साठीच्या आसपासच्या, चार घरची धुणीभांडी करतात, मिश्रीची जुनी सवय. दातांवर काळे डाग, खालच्या पुढच्या दातांमागे टणक टार्टर. प्रोब (मोजायची खुणांची बारीक सळी) घातला तर जवळजवळ सगळीकडे २-३ मिमी, मागच्या दाढांना एकदोन ठिकाणी ४, थोडं रक्त. खालच्या ओठाच्या आत जिथं मिश्रीचं बोट फिरतं तिथं पांढरट पट्टा, तोही लिहिला. मग सरांनी (क्लिनिकचे डेंटिस्ट) त्यांना केबिनमध्ये घेतलं आणि चार्ट परत आला तेव्हा माझ्या ३ चे ५ झाले होते. काकूंना सांगितलं की हिरडीचा आजार वाढलाय, तोंडाच्या चारही क्वाड्रंटचं (चार भागांचं) डीप क्लिनिंग, म्हणजे हिरडीखाली मुळापर्यंत खरवडणं, लागेल, सहा हजार. त्या बाहेर येऊन मलाच विचारतायत, "पोरी, खरंच लागतंय का गं एवढं? दोन हप्त्यांत दिले तर चालतील का?" मी "विचारून सांगते काकू" म्हणून वेळ मारून नेली.

असं पहिल्यांदा होत नाहीये. सरांना एकदा हळूच विचारलं होतं तर म्हणाले, अगं जरा घाबरवलं नाही तर ही माणसं परत फिरकतच नाहीत, आली तर दात वाचतात, फायदा कुणाचा? आता डिप्लोमाला एथिक्सचा धडा होता त्यात उपयुक्ततावाद हाच की, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. आणि तत्त्वज्ञ कांट म्हणतो खोटं ते खोटंच, परिणाम चांगला झाला तरी. परीक्षेत दोन्ही लिहून मार्क घेतले, खुर्चीशेजारी उभं राहिल्यावर काय करायचं ते कुणी शिकवलं नाही. त्यात आईच्या ऑपरेशनला सरांनी न मागता ॲडव्हान्स दिलेला, माणूस वाईट नाहीये. आणि निदान सांगणं माझ्या कामात बसत नाही. बोलू का, आणि काय बोलू?

ईएमआयग्रस्त

स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. कांट काही तुझा हप्ता भरणार नाही. सरांनी नवीन खुर्ची, आरव्हीजी (डिजिटल एक्सरे), जागेचं भाडं सगळं कर्जावर घेतलं असेल, ते कुठून तरी निघणारच. दुसरी नोकरी हातात येईपर्यंत मान खाली घालून स्केलिंग कर. आणि ३ ऐवजी ५ नं कुणी मरत नाही.

खडूस_पेशंट

मरत नाही हे तू ठरवणार होय रे? सहा हजार म्हणजे त्या बाईचा कदाचित महिन्याचा पगार. मला रूट कॅनालला असंच दोन दातांचं चारवर नेलं होतं, तेव्हापासून दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. ताई, आमच्यासारख्यांना तुमच्याकडून भाषण नको, फक्त खरा आकडा पाहिजे.

पेरिओवाला

हिरड्यांचाच डॉक्टर आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या सरांची बाजू. प्रोबिंग हे काही वजनकाट्यासारखं पक्कं नसतं. साधारण २५ ग्रॅमचा दाब धरतात पण हात बदलला की दाब बदलतो, कोन बदलतो, सुजलेल्या हिरडीत प्रोब जास्त आत जातो. १ मिमीचा फरक दोन चांगल्या माणसांतही पडतो. त्यामुळं तुझे ३ आणि त्यांचे ४ असते तर मी म्हटलं असतं की लगेच फसवणूक म्हणू नकोस, एक्सरे बघ, हाड खाली गेलंय का बघ. पण सरसकट सगळीकडे ३ चे ५, तेही पेशंटच्या तोंडात परत प्रोब न घालता केले असतील, तर याला मोजमापातला फरक म्हणत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न, सरांनी स्वतः मोजलं का? एक्सरे काढला का? हे कळल्याशिवाय नीतीची चर्चा हवेत आहे.

आता "फायदा त्यांचाच" याबद्दल. उपयुक्ततावाद हिशेबावर चालतो ना, मग हिशेब पूर्ण करा. लिंडे आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलंय की स्केलिंग-रूट प्लेनिंगसाठी (म्हणजेच डीप क्लिनिंगसाठी) खोलीची एक मर्यादा असते, २.९ मिमी. त्याहून उथळ जागी मुळापर्यंत खरवडलं तर हिरडीची पकड सुधारायच्या ऐवजी थोडी सुटते. म्हणजे २-३ मिमीच्या निरोगी जागी डीप क्लिनिंग करणं हे नुसतं महाग नाही, नुकसानच आहे. वर दातांना ठणका, भुलीची इंजेक्शनं, काकूंच्या कामाचे खाडे. आणि उद्या शेजारणीनं दुसरीकडं दाखवून "काही नव्हतं गं" असं सांगितलं की अख्खी चाळ दातांच्या डॉक्टरकडं जायची बंद होते, तेही त्याच वहीत मांडा. टार्टर आहे तर साधं स्केलिंग करा, दाढेच्या ४ मिमीवर नजर ठेवा, परत बोलवा. कांटकडं जायची गरजच पडत नाही, सरांचा युक्तिवाद सरांच्याच गणितात नापास होतो.

बोशँप आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं तुला पाठ असतील: स्वायत्तता, भलं करणं, अपाय न करणं, न्याय. यातल्या पहिल्याला आपल्याकडं कायद्याचं बळही आहे. समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २००८ साली म्हटलंय की उपचार काय, पर्याय काय, धोके काय हे पुरेसं सांगूनच संमती घ्यायची. बदललेल्या आकड्यावर घेतलेली सही ही कसली संमती?

पण मंडळी, मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. ताईनं एका ओळीत लिहिलंय की मिश्रीच्या जागी पांढरट पट्टा आहे, आणि आपण सगळे सहा हजारांवर भांडतोय. तो पट्टा कुणी बघितला का? बोटानं चाचपला का? साठीची बाई, तंबाखू रोज, ल्युकोप्लाकिया (तोंडातला न पुसला जाणारा पांढरा चट्टा) असू शकतो आणि त्यातले काही पुढं कॅन्सरकडं जातात. सवय थांबवून दोन आठवड्यांत गेला नाही तर बायोप्सी. सहा हजारांचं नंतर बघू, काकूंना या कारणासाठी आधी बोलाव. मिश्री सोडायला सरकारची क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे.

ओंटारिओकर

पेरिओवालांशी सहमत. मी मूळची नाशिकची, इथं कॅनडात हायजिनिस्ट आहे. भारतात १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टनं आपली व्याख्याच एवढी केली की दात स्केल, क्लीन, पॉलिश करणारा किंवा तोंडाच्या स्वच्छतेचं शिक्षण देणारा. ओंटारिओत २००७ पासून अटी पूर्ण केल्या की आम्ही डेंटिस्टच्या ऑर्डरशिवाय स्केलिंग सुरू करू शकतो, स्वतःचं क्लिनिकही टाकतात मुली. पण म्हणून इथं सगळे हरिश्चंद्र आहेत असं समजू नकोस. इथं बिल युनिटवर होतं, १५ मिनिटांचं एक युनिट, आणि पैसे इन्शुरन्स देतो म्हणून कुणालाच बोचत नाही. वीस मिनिटांच्या कामाला तीन युनिटं लाव असं मलाही सांगितलं गेलंय. फरक एवढाच की सही माझी, लायसन्स माझं आणि तक्रार झाली तर कॉलेजसमोर (इथं आमच्या लायसन्स देणाऱ्या संस्थेला कॉलेज म्हणतात) मीच उभी. त्यामुळं "नाही" म्हणायला तोंड उघडतं, धैर्य काही इथल्या पाण्यात नसतं.

तुझ्या जागी असते तर काकूंना निदान सांगितलंच नसतं. म्हणाले असते, "काकू, मी मोजलं तेव्हा हे आकडे आले, हा कागद घ्या, आजाराचं नाव सरांना विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखवा, कुणी रागावत नाही." यात एकही शब्द तुझ्या कामाबाहेरचा नाही. डिप्लोमा शिकवायला येणारी माणसं तत्त्वांच्या याद्या देतात, पण अशी वाक्यं आधी तोंडात बसवून घ्यावी लागतात, ऐनवेळी सुचत नाहीत. आणि सरांशी बोलायचं तर पेशंटसमोर नाही आणि तत्त्वज्ञान काढून तर अजिबात नाही. "सर, हे आकडे माझ्या नावावर जातायत, परत मोजायचे का आपण दोघं मिळून?" एवढंच. ॲडव्हान्सचं ओझं आहे हे कळतं गं, पण ते कर्ज तुझं आहे, काकूंनी का फेडायचं?

ईएमआयग्रस्त

पांढऱ्या पट्ट्याचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं. ते आधी करा. बाकी माझं मत तेच, नोकरी शोधून ठेव मगच चार्टचा विषय काढ.

स्केलरताई

सगळ्यांचे आभार. काकूंना फोन करून बोलावलं, सरांना म्हटलं पट्टा एकदा बघून घ्या. त्यांनी नीट बघितला हां, दिवा ओढून, ग्लोव्ह घालून दोन्ही बाजूंनी चाचपला, आणि सीएसएमटीजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजची चिठ्ठी दिली. काकू मिश्री सोडते म्हणाल्या, बघू. डीप क्लिनिंगचं विचारलं तेव्हा मी ओंटारिओकरताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि माझ्या आकड्यांचा कागद दिला. त्यांनी साधं स्केलिंग करून घेतलं, हजार रुपयात.

एक्सरे काढला नव्हता. "दोघं मिळून मोजू" म्हटल्यावर सर नुसतं हं म्हणाले. आता मी पेनानं आकडे लिहून खाली सही आणि वेळ टाकते. पण सोमवारपासून नवीन पेशंटचं चार्टिंग सर स्वतःच करतायत, माझ्याकडे फक्त पॉलिशिंग येतंय. पगार तोच आहे अजून.

ईएमआयग्रस्त

म्हणजे बाजूला काढलं. सीव्ही अपडेट कर.

पेरिओवाला

सीव्ही मला पाठव, व्यनि (खाजगी निरोप) करतो. आणि काकूंनी बायोप्सी खरंच केली का ते दोन आठवड्यांनी फोन करून विचार, अशी माणसं चिठ्ठी पर्समध्ये ठेवतात आणि कामाच्या रगाड्यात जायचं राहून जातं.