लघुग्रहाची भीती पुरे, अण्वस्त्रांचं बोला

कुकडीकाठ (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाने आपल्याकडे चांगलीच खळबळ उडवली होती. २०३२ साली तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता मध्यंतरी ३ टक्क्यांच्या थोडी वर गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया येत होता, त्यामुळे लगेच मुंबईचं नाव फिरायला लागलं. पुढे निरीक्षणं वाढली आणि ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. दगड साधारण ६० मीटरचा. पडलाच असता तर एखादं शहर गेलं असतं. भयंकरच, पण मानवजात संपली नसती.

आता दुसरी घटना. ९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कुणाचा जीव गेला नाही. देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाड झाला, असं भारताचं निवेदन ११ मार्चला आलं. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. एका अण्वस्त्रधारी देशाचं क्षेपणास्त्र दुसऱ्या अण्वस्त्रधारी देशात जाऊन पडतं, आणि आठवडाभरात आपण ते विसरूनही जातो.

माझं म्हणणं असं की माणसाच्या अस्तित्वाला निसर्गाकडून असलेला धोका खरा आहे, पण लहान आहे. आपली मानवजात किमान ३ लाख वर्षं जुनी आहे. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदला सापडलेले माणसाचे अवशेष तितके जुने आहेत. म्हणजे ३,००० शतकं. दर शतकाला निसर्गाने आपल्याला संपवण्याची शक्यता शंभरात एक जरी असती, तरी आपण कधीच संपलो असतो. अण्वस्त्रांच्या बाबतीत अशी खात्री देणारा इतिहासच नाही. आहेत ती फक्त ऐंशी वर्षं, आणि त्यातही अनेकदा थोडक्यात वाचलो आहोत. मग आपली सगळी भीती आकाशाकडेच का?

खगोलवेडा

असहमत.

३ लाख वर्षांचा हिशेब ऐकायला बरा वाटतो, पण तो ज्या माणसाचा आहे तो माणूस आता उरलेला नाही. तेव्हा थोडी माणसं होती, विखुरलेली होती, कंदमुळं आणि शिकारीवर जगत होती. एका खोऱ्यात अन्न संपलं तर दुसऱ्या खोऱ्यात जायची. आज ८ अब्ज माणसं गहू, तांदूळ आणि मका या तीन पिकांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ चा उन्हाळा युरोप-अमेरिकेत आलाच नाही. पिकं बुडाली, लोक उपाशी मेले. तसाच उद्रेक उद्या झाला, तर धान्याचे बाजार आठ दिवसांत कोलमडतील.

सौर वादळाचंही तेच. १८५९ च्या वादळात तारयंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या, एवढ्यावर भागलं, कारण तेव्हा विजेचं जाळंच नव्हतं. १९८९ मध्ये त्याहून बऱ्याच लहान वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास घालवली. निसर्ग होता तिथेच आहे. ठिसूळ आपण झालो आहोत.

आणि लघुग्रहांबद्दल: १ किलोमीटरहून मोठे जवळजवळ सगळे सापडलेत, हे बरोबर. पण १४० मीटरच्या वरचे अजून निम्मेही सापडलेले नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला अवघा २० मीटरचा होता. तो सूर्याच्या दिशेने आला म्हणून आधी दिसलाच नाही, आणि सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. ही भीती आहे म्हणून तर शोध चालू आहे. ती पुरे म्हणू नका.

कुकडीकाठ

ठिसूळ झालो आहोत हे मान्य. पण तो ठिसूळपणा कुणी आणला? आपणच. म्हणजे मुद्दा माझ्याच बाजूचा झाला.

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे बोरी गावाजवळ कुकडीच्या काठाला ज्वालामुखीची राख सापडते. चिकणमाती आणि वाळूगोट्यांच्या थरांत एक फिकट, राखाडी पट्टा दिसतो. त्यातली चिमूटभर बोटांवर घेतली तर रांगोळीसारखी सरकते, आणि उन्हात धरली की काचेचे बारीक कण चमकतात. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, एवढं बहुतेक जण मानतात. टोबाच्या कुठल्या उद्रेकाची, म्हणजे ७४,००० वर्षांपूर्वीच्या की त्याहून फार जुन्या, यावर मात्र संशोधकांत वाद आहे. आंध्रातल्या ज्वालापुरमची राख ७४,००० वर्षांपूर्वीचीच. तिथे उत्खननात राखेच्या थराखाली दगडी हत्यारं मिळाली आणि थराच्या वरही मिळाली, बरीचशी त्याच घडणीची. गेल्या वीस लाख वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी तो एक, आणि राख प्रत्यक्ष डोक्यावर पडूनही तिथे माणूस टिकला असं दिसतं. निसर्गाचा यापेक्षा मोठा तडाखा आपल्या जातीने क्वचितच सोसला असेल.

माजी_फौजी

आयुष्याची बरीच वर्षं वर्दीत गेली, म्हणून लिहितो.

अण्वस्त्रांमुळे मानवजात नष्ट होणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. १९४५ नंतर महासत्तांमध्ये थेट महायुद्ध झालेलं नाही, आणि त्याचं मोठं कारण हीच अस्त्रं आहेत. दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की पहिला वार केला तरी आपण वाचत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जगात ७०,००० च्या आसपास अण्वस्त्रं होती, आज १२,००० च्या आसपास आहेत. कमी झाली ना? मियां चन्नूच्या घटनेत काय झालं? पाकिस्तानने उलट काही डागलं नाही. शिस्त होती, विचार होता. तुम्ही ज्याला नशीब म्हणता त्याला आम्ही प्रशिक्षण म्हणतो.

दुसरं, ‘अणुहिवाळा’. शहरं जळतील, काजळी वर जाईल, सूर्य झाकला जाईल, पिकं जातील, हे सगळं संगणकावरचं गणित आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तान युद्धाचंच गणित मांडलं आणि काजळी तितकी उंच जाणार नाही असा निष्कर्ष काढला. मग दुसऱ्या बाजूचाच आकडा का धरायचा?

कुकडीकाठ

साहेब, तुमच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून लिहितो.

२७ ऑक्टोबर १९६२. क्युबाजवळ पाण्याखाली सोव्हिएत पाणबुडी बी-५९. आतला उकाडा असह्य झालेला, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि वर अमेरिकी नौदल इशाऱ्याचे स्फोट करतंय. कप्तानाला वाटलं की युद्ध सुरू झालं, आणि तो अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडायला निघाला. वासिली अर्खिपोव्ह नावाचा अधिकारी विरोधात उभा राहिला म्हणून ते टळलं. तो पाणबुड्यांच्या त्या ताफ्याचा ‘चीफ ऑफ स्टाफ’ होता आणि नेमका त्या पाणबुडीवर होता. दुसऱ्या पाणबुडीवर असता तर?

२६ सप्टेंबर १९८३. सोव्हिएत उपग्रहांनी सांगितलं की अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाली आहेत. प्रत्यक्षात ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता. पहाऱ्यावरचा स्तानिस्लाव पेत्रोव्ह याने ‘यंत्रणेची चूक’ असं वर कळवलं. नियमाप्रमाणे त्याने हल्ल्याची सूचना द्यायला हवी होती. म्हणजे त्या रात्री जग वाचलं ते प्रशिक्षणामुळे नव्हे. एका माणसाने प्रशिक्षण बाजूला ठेवलं म्हणून वाचलं.

लॉस अ‍ॅलामॉसच्या अभ्यासात त्यांनी अमेरिकेतल्या एका उपनगराची विरळ वस्ती धरली होती, हा त्यावरचा मुख्य आक्षेप आहे. कराची आणि मुंबईच्या दाट वस्त्यांत जळण्यासारखं किती असतं, हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या बाजूच्या २०२२ च्या अभ्यासात भारत-पाकिस्तान अणुयुद्धाच्या सर्वांत भीषण शक्यतेत २ अब्जांहून जास्त माणसं उपासमारीने मरतील असं आलं, त्यातली बरीचशी या युद्धाशी काही संबंध नसलेल्या देशांतली. दोन गणितांत एवढी तफावत असेल तर सुरक्षित बाजूने चालायचं, हे फौजेतही शिकवतात ना?

सूक्ष्मदर्शी

नैसर्गिक आणि मानवी अशी वाटणी रोगांच्या बाबतीत टिकत नाही. १९१८ च्या फ्लूने एकट्या हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास, काही अंदाजांनुसार त्याहून बरीच जास्त, माणसं नेली. विषाणू निसर्गाचा, पण तो मुंबई बंदरात उतरला युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजांतून आणि देशभर पसरला रेल्वेने.

देवीच्या रोगाने जगातला शेवटचा मृत्यू १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला झाला. रोग निसर्गातून गेला होता. विषाणू एका प्रयोगशाळेत होता आणि वरच्या मजल्यावर काम करणारी एक महिला छायाचित्रकार त्याने दगावली. अधिकृतपणे तो विषाणू आज दोनच ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. पण २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जाहीर केलं की देवीच्या कुळातला घोड्यांना होणारा विषाणू त्यांनी टपालाने मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून जोडून तयार केला. हेतू लस सुधारण्याचा होता. पण रस्ता सगळ्यांनाच दिसला.

अणुबॉम्बला युरेनियम लागतं, कारखाने लागतात, ते उपग्रहावरून दिसतात. इथे एक छोटी प्रयोगशाळा पुरते. जैविक अस्त्रबंदीचा करार १९७५ पासून लागू आहे, पण त्यात तपासणीची यंत्रणाच नाही. त्याच कराराची सही असताना सोव्हिएत संघाने जगातला सर्वांत मोठा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम चालवला. माझ्या यादीत हा धोका अण्वस्त्रांच्या वर आहे.

रानवाटा

आणि तापमानवाढ कुणाच्याच यादीत नाही? वातावरणातला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. तुमच्या सगळ्या चर्चा ‘जर झालं तर’च्या. हे चालू आहे. विदर्भात एप्रिल-मे मध्ये रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला विचारा, कुठला धोका खरा.

माजी_फौजी

रानवाटांशी सहमत. माझाही आक्षेप तोच आहे. ‘मानवजात नष्ट’ हे एवढं मोठं की त्यात हातातलं काम राहून जातं.

कुकडीकाठ

तापमानवाढीने कोट्यवधींचं जगणं उद्ध्वस्त होईल, होतंच आहे. तिने मानवजात पूर्ण संपेल असं मात्र मला वाटत नाही. पण पाणी आणि धान्य कमी पडलं की सीमा तापतात, आणि सिंधूच्या दोन्ही बाजूंना अण्वस्त्रं आहेत. रानवाटा, म्हणून तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यापासून वेगळा काढता येत नाही.

साहेब, हातातलं काम म्हणालात तर ते नेमकं सांगतो. भारत आणि पाकिस्तान १९८८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्ध असो, तणाव असो, हे चुकलेलं नाही. २००५ मध्ये आणखी एक करार झाला: बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन कमानीने खाली येणाऱ्या, क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी दुसऱ्याला कळवायचं. त्यात क्रूझ, म्हणजे विमानासारखी हवेतून उडत जाणारी, क्षेपणास्त्रं नाहीत. २०२२ मध्ये चुकून सुटलं ते क्रूझ होतं.

मे २०२५ मध्ये चार दिवस दोन्ही देश एकमेकांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडत होते. मार्च २०२२ सारखी चूक त्या चार दिवसांत झाली असती, तर ‘ही चूक आहे’ यावर पलीकडे कुणाचा विश्वास बसला असता? २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं घालायला आणि चूक झाली तर पहिल्या काही मिनिटांत कळवायची पक्की पद्धत ठरवायला नवीन शोध लागत नाही, पैसाही लागत नाही.

खगोलवेडा

या कराराच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. तुमच्या धाग्याच्या शीर्षकाला अजूनही नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं ‘डार्ट’ यान डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर आदळवलं आणि त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या परिभ्रमणाचा काळ ३२ मिनिटांनी कमी झाला. आकाशातला दगड माणसाने ठरवून हलवला. लोकांना भीती वाटली, त्यांनी सरकारांकडे मागणी लावून धरली, म्हणून त्याला पैसा मिळाला. अण्वस्त्रांसाठीही तेच करावं लागेल. त्यासाठी लघुग्रहांची भीती कमी कशाला करायची?

माजी_फौजी

क्रूझ क्षेपणास्त्रांचा मुद्दा रास्त आहे. पण आगाऊ कळवणं दोन्हीकडून सारखं हवं आणि ते तपासता आलं पाहिजे, नाहीतर आपणच उघडे पडू. चाचणीची सूचना देणं एक, आणि तैनातीची माहिती देणं दुसरं. पहिल्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याला आहे, आणि राहील.