कार्बाईनच्या जुन्या गोळ्या ओळखायच्या आणि नोंदवायच्या कशा? (ब्रँडी स्टेशन, व्हर्जिनिया)

कल्पेपरकर
नमस्कार मंडळी, आम्ही व्हर्जिनियात कल्पेपर काउंटीत राहतो. शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे चाललेत आणि जाताना त्यांनी माझ्या लेकाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून शिशाच्या गोळ्या दिल्या, सगळ्या त्यांच्याच शेतात डिटेक्टर फिरवून काढलेल्या. ब्रँडी स्टेशन इथून हाकेच्या अंतरावर, तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तर विरुद्ध दक्षिण) 9 जून 1863 ला घोडदळाची मोठी लढाई झाली, त्यामुळे यात कार्बाईनच्या (म्हणजे घोडेस्वारांच्या आखूड बंदुकीच्या) पुष्कळ असणार असं ते म्हणाले पण कुठली कुठली ते आता त्यांनाही आठवत नाही. काही गोळ्या पाकिटांत आहेत, वर पेन्सिलने "ओढ्यापलीकडे", "वरचं टेकाड" असं लिहिलंय, बाकी सुट्या. पोराने एक्सेल उघडून ठेवलंय, कॉलम कुठले करायचे तेच कळत नाही. एकीचा व्यास कॅलिपरने 0.555 इंच भरला, बुडाला बारीक कडं आहे, पण त्या कॅलिबरची कार्बाईनच नेटवर दिसत नाही!! आणि सगळ्यांवर पांढरट थर आहे, तो व्हिनेगरने काढू का?

घिसाडी
व्हिनेगर आधी लांब ठेवा! तो पांढरा थर म्हणजे शिशाचा कार्बोनेट, दीडशे वर्षांत जमलेला, तोच आतल्या शिशाला राखतो आणि गोळी खरी जुनी असल्याची एक खूणही तोच. मऊ ब्रश आणि साधं पाणी, वाळवा, बास. ओकच्या लाकडी खणात तर अजिबात ठेवू नका, त्या लाकडातून अॅसिडची वाफ सुटते आणि शिसं हळूहळू भुगा होतं. आणि पोराला हात धुवायला सांगा दर वेळी, शिसं आहे ते.

आता 0.555 चं. कॅलिबर म्हणजे नळीचं माप, गोळीचं नाही, इथेच सगळे अडकतात. मस्केट, म्हणजे पायदळाची लांब बंदूक, नळीच्या तोंडाकडून भरायची, म्हणून गोळी नळीपेक्षा जरा बारीक आणि बूड पोकळ, बार उडाला की बूड फुगून आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) बसायचं. कार्बाईन मागून भरायची, तिथे गोळी नळीतून खाली ढकलायचीच नसते, म्हणून ती मुद्दाम जाड करायचे, शिसं स्वतःच आट्यांत चावत जातं. त्यामुळे 0.52 च्या शार्प्स कार्बाईनची गोळी 0.54 ते 0.56 भरते. तुमची ती बुडाला कडंवाली बहुधा शार्प्सच, कागदाचं नाहीतर कापडाचं काडतूस त्या कड्यालाच बांधायचे, इथले लोक तिला रिंगटेल म्हणतात.

म्हणून आधी बूड बघा, मग व्यास. खोल पोकळ बूड आणि बाजूने तीन खाचा असतील तर बहुतेक 0.58 ची मिनी बॉल, ती मस्केटची, वेगळी काढा. भरीव बुडाची असेल तर कार्बाईनकडे वळा. मग वजन ग्रेनमध्ये घ्या (1 ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन), मिनी साधारण 500 ची असते. 0.50 च्या गटात मात्र मेनार्ड, स्मिथ आणि गॅलगर अशा तिघी कार्बाईन आहेत, तिथे नुसत्या व्यासावर नाव ठोकू नका, खाचा आणि बुडाचा आकार फोटोशी ताडून बघा. झाडलेली असेल तर अंगावर आट्यांचे ठसे असतात ते मोजा, शार्प्सला सहा, स्प्रिंगफील्ड मस्केटला तीन.

पुणेरी_शंका
म्हणजे शार्प्स निघाली की उत्तरेची आणि मस्केट निघाली की दक्षिणेची असं म्हणायचं का?

घिसाडी
छे, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. रिचमंडला रॉबिन्सनच्या कारखान्यात शार्प्सची नक्कल बनायची, साधारण पाच हजार निघाल्या. युद्धाआधी जॉर्जिया, फ्लोरिडा, मिसिसिपी या दक्षिणेच्या राज्यांनी मेनार्डही घेऊन ठेवल्या होत्या (हा मेनार्ड मूळचा दातांचा डॉक्टर बरं का). धातूचं काडतूस लागणाऱ्या बंदुका दक्षिणेला परवडत नव्हत्या कारण तांब्याचीच टंचाई, म्हणून बर्नसाईडचं ते आइस्क्रीमच्या कोनासारखं पितळी काडतूस किंवा स्पेन्सरचं तांब्याचं दिसलं तर उत्तरेचं म्हणायला जरा जास्त जोर येतो. पण गोळीवरून बंदूक कळते, बंदूक कुणाच्या हातात होती ते नाही.

नोंदवही
कल्पेपरकर, ती पाकिटं कृपा करून उघडून एकत्र ओतू नका! माझ्या मते सगळ्या डब्यापेक्षा ती पेन्सिलची अक्षरं मोलाची आहेत. लिटल बिगहॉर्नचं उदाहरण घ्या, लढाई 1876 ची, 1983 मध्ये तिथलं गवत जळालं आणि 1984 ला स्कॉट आणि फॉक्स या पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाल्या हौशी लोकांना रांगेत चालवून एकेक वस्तू नकाशावर मांडली. काडतुसांवरच्या फायरिंग पिनच्या खुणा जुळवून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली ते काढता आलं. तीच काडतुसं कुणी आधी खिशात घालून नेली असती तर काय राहिलं असतं?

कॉलम असे करा: नंबर, जागा (पाकिटावरचे शब्द जसेच्या तसे, सुधारू नका), व्यास, वजन, बूड, खाचा, झाडलेली की न झाडता पडलेली, तुमचा अंदाज, आणि अंदाज किती पक्का. शेवटचा कॉलम लोक गाळतात आणि मग पाच वर्षांनी "बहुधा स्मिथ" ची "स्मिथ" होते. जुने संग्राहक मॅकी-मेसन नंबर (त्या दोघांच्या गोळ्यांवरच्या पुस्तकातला) लावतात, तो जुळला तर वेगळ्या रकान्यात टाका, स्वतःच्या नंबराच्या जागी नको. शिशावर शाईने काही लिहू नका, छोट्या पिशवीत चिठ्ठी. फोटो दोन, बाजूने आणि बुडाचा, शेजारी पट्टी ठेवून. आजोबा जायच्या आत त्यांना शेताचा नकाशा दाखवून "वरचं टेकाड" कुठलं ते बोट ठेवून घ्या.

आणि सगळ्याच गोळ्या 9 जूनच्या धरू नका. 1863-64 चा आख्खा हिवाळा उत्तरेची फौज याच काउंटीत तळ ठोकून होती. स्पेन्सर कार्बाईन तर लष्कराला 1863 च्या ऑक्टोबरपासून मिळायला लागल्या, तेव्हा डब्यात स्पेन्सरचं काडतूस निघालं तर ते त्या लढाईचं असणं अवघड, तळावरचं म्हणा.

पुणेरी_शंका
भारी आहे हे! पण तिकडे असं खणणं चालतं?

नोंदवही
खाजगी शेतात मालकाच्या परवानगीने चालतं. सरकारी संघीय जमिनीवर पुरातत्त्व वस्तू जपणारा 1979 चा कायदा आहे, नॅशनल पार्कात तर डिटेक्टर नुसता जवळ बाळगला तरी पकडतात. ब्रँडी स्टेशनचा बराच भाग आता स्टेट पार्क झालाय, त्यामुळे पोराला आधीच बजावून ठेवा. आणि तुम्ही पुण्यात हे वाचून डिटेक्टर घेऊन गडावर जाऊ नका हो, आपल्याकडे 1878 चा निधी कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित गडावर खणणं हा वेगळा गुन्हा.

कल्पेपरकर
धन्यवाद सगळ्यांना. आजोबांना शनिवारी जेवायला बोलावलंय, नकाशा प्रिंट करून ठेवतो. एक राहिलं, एका पोकळ बुडाच्या गोळीच्या टोकात मधोमध स्क्रूसारखं भोक आहे, ते काय?

घिसाडी
पाऊस लागलेला किंवा पहारा संपलेला शिपाई न झाडलेली गोळी नळीतून ओढून काढायचा, गजाला स्क्रू लावून, त्याचं भोक ते. "ओढून काढलेली" असा तिसरा पर्याय घाला त्या कॉलममध्ये. आणि दातांचे ठसे असलेली एखादी निघाली तर ऑपरेशनवेळी शिपायाने चावलेली गोळी वगैरे कथा लिहू नका, बहुतेक वेळा ते डुकराचे दात असतात.