दार आपटलं म्हणून दारच काढलं?

शहापूरची_आई
काल कडोलीच्या काकांनी इथं लिहिलं, की नातवानं दार आपटलं म्हणून त्यांनी सुतार बोलावून खोलीचं दारच काढलं आणि माळ्यावर टाकलं. "चार दिवसांत पोरगं सरळ." खाली टाळ्यांची रांग. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून भाकऱ्या थापायच्या आधी लिहायला बसलेय.

काका, पोरगं सरळ नाही झालं, गप्प झालं.

माझी लेक यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला. पूर्वपरीक्षेतला कन्नडचा पेपर हातात मिळाला त्या दिवशी घरी येऊन तिनं डबा कट्ट्यावर असा आदळला, की झाकण फ्रिजखाली गेलं. मी काय केलं? तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "डबा फुकट येतो काय"पासून "बापानंच लाडावून ठेवलंय"पर्यंत सगळं झालं. ती रडली, मी रडले, सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या खेपेला मी तोंड मिटून पीठ मळत राहिले. अर्ध्या तासानं ती आपणहून पाणी प्यायला आली. तेव्हाही "काय झालं" विचारलं नाही, "जेवणार काय" एवढंच. झोपायच्या आधी विषय काढला. राग आला ते चालेल, वस्तू आदळायची नाही. चेमटलेला डबाच महिनाभर शाळेत न्यायचा. आणि मागच्या वेळी मी ओरडले ते माझं चुकलं, हेही सांगितलं. हे शेवटचं म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

तीन आठवड्यांनी कळलं, दुखणं मार्कांचं नव्हतंच. वर्गात सगळ्यांसमोर तिच्या कन्नड उच्चारांची नक्कल झाली होती. दार काढून हे कळलं असतं काय?

या वयात भावना उसळवणारा मेंदूचा भाग जोरात असतो आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. बैल तरणा, कासरा कच्चा. तोवर कासरा आपण धरायचा. पण आपणच उधळलो तर?

कडोलीकर_काका
मॅडम, दार माझं, नातू माझा, सुताराचे पैसेही माझेच. तुमच्या पोटात का दुखतंय?
मी बेळगावच्या मराठा सेंटरला फौजेत भरती झालो तेव्हा १८ वर्षांचा होतो. उस्तादानं पहाटे चारला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. "तुला कसं वाटतंय बाळा" असं कोणी विचारलं नाही. आणि पोराची माफी मागायची? उद्या डोक्यावर मिऱ्या वाटेल.

येळ्ळूरचा_पैलवान
काका बरोबर. तालमीत पाठवा. जोर-बैठका मारून आलेलं पोरगं दार आपटत नाही, जेवून झोपतं.

वडगावची_ताई
पैलवान, आमचे थोरले बंधू आठ वर्षं तालमीत होते. घरी ताटं भिरकावायचे. आखाड्यात लंगोट आणि घरी ताट, दोन्ही घट्ट धरून ठेवायला वेगवेगळं शिकावं लागतं बघा.

येळ्ळूरचा_पैलवान
त्यांचा वस्तादच बरोबर नसणार.

टिळकवाडी_टीचर
व्यायामानं फरक पडतो, पैलवानांचं तेवढं खरं. पण झोपेचं कोणीच बोलत नाही. या वयात झोपेची वेळच रात्री पुढं सरकते, शरीराचं घड्याळच तसं चालतं. गरज आठ ते दहा तासांची. आणि आपण काय करतो? पहाटे साडेपाचची ट्यूशन! माझ्या वर्गात पहिल्या तासाला निम्मी मुलं डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. असल्या मुलाला "शांत राहा" सांगून काय होणार? २०२४ पासून एसएसएलसीला एकाहून जास्त संधी आहेत, तरी घरात वातावरण असं, की मार्चात जगबुडी. बेळगावातल्या ट्यूशनवाल्यांवर एकदा स्वतंत्र लिहिणार आहे.

खानापूर_साईड
सगळे म्हणतात भावनेला नाव द्यायला शिकवा, नाव दिलं की जोर थोडा ओसरतो. पटतं. पण नाव कुठल्या भाषेत? माझं पोरगं इंग्रजी मिडियमला, दोस्तांशी कन्नड, घरात मराठी. पास झाला नाही, मूड ऑफ. मित्राशी भांडला, मूड ऑफ. आजी गेली, तेव्हासुद्धा मूड ऑफ! आपल्याकडं चीड, वैताग, हिरमोड, खट्टू, घुसमट, रुखरुख, किती शब्द आहेत. यातला एक त्याला येत नाही. शब्दच नाही, तर सांगणार काय? शेवटी दारच आपटणार.

निपाणीकर_७१
हेच म्हणत होतो! मराठी शाळा ओस पाडल्या कोणी? आपणच. सीमाप्रश्नाच्या मोर्चाला "बेळगाव-कारवार-निपाणी" ओरडायचं आणि सोमवारी पोराला टाय लावून इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवायचं. खानापूर_साईड, तुमचं दुखणं तुम्हीच फी भरून विकत घेतलंय.

खानापूर_साईड
निपाणीकर, तुमची मुलगी बेंगळूरला आयटीत आहे ना? मराठी मिडियममधून गेली काय?

निपाणीकर_७१
माझ्या घरापर्यंत यायचं काम नाही.

खानापूर_साईड
माझ्या घरापर्यंत तुम्हीच आलासा की आधी. फी कुणी काढली?

कॅम्प_बॉय
ह्या ह्या. विषय पोरांचा राग, आणि तापलेत कोण बघा. आता १९५६ काढा, बेळगाव तिकडं गेलं ते साल, मग सीमावादावरचा महाजन अहवाल, मग सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलेला महाराष्ट्राचा दावा. चहा ठेवतो.

निपाणीकर_७१
तू गप रे. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना विचार. माझ्या वडिलांनी घरात कधी आवाज चढवला नाही. सगळा राग आंदोलनात गेला. मरेपर्यंत आमच्याशी मोकळेपणी बोललेही नाहीत, ते वेगळं.

वडगावची_ताई
वेगळं कसं हो अण्णा? तेच तर चाललंय इथं.

शहापूरची_आई
भाषेचं मला दुसरंच दिसतं. माझी लेक रागात असली की मैत्रिणीशी फोनवर भडाभडा कन्नडमध्ये बोलते. मला निम्मं कळत नाही. आधी वाईट वाटायचं. आता वाटतं, मोकळी होतेय ना, कुठल्या का भाषेत. मराठीत शब्द शिकवायचे तर आपण ते वापरायला हवेत. "आज माझा हिरमोड झाला" असं घरात शेवटचं कधी म्हणालात? मी तरी "डोकं उठलंय" याच्या पुढं जात नाही.

टिळकवाडी_टीचर
एक सांगते, इथं सगळंच घरगुती उपायांवर सोडू नका. पोर आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, मित्र तोडत असेल, जगायचंच नाही अशी भाषा करत असेल, तर अर्धा तास पीठ मळत बसायचं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

कडोलीकर_काका
हे मात्र मान्य. पलटणीत आमच्यातला एक असाच गप्प गप्प होता. आम्ही त्याला "साधू" म्हणून चिडवायचो. पुढचं लिहीत नाही.

वडगावची_ताई
काका, नातवाशी बोललात काय मग?

कडोलीकर_काका
बोलायला गेलो होतो. म्हणाला, "आज्जा, कपडे कुठं बदलू?" १५ वर्षांचं पोर, चार दिवस न्हाणीत कपडे बदलायलंय आणि माझ्या ध्यानात नाही. काल संध्याकाळी दार परत बसवलं. माफीबिफी मागितलेली नाही, आधीच सांगतो. बिजागरीला तेल मात्र त्यालाच घालायला लावलं.

कॅम्प_बॉय
म्हणजे शहापूरच्या मॅडम जिंकल्या.

कडोलीकर_काका
सुतार जिंकला. काढायचे वेगळे घेतले, बसवायचे वेगळे.

खानापूर_साईड
काका, त्याचा नंबर पाठवा. आमच्याकडं चौकटच हललीय.