पूल हार्बरच्या तिसऱ्या: वेचाव्यात की विकत घ्याव्यात?

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल बंदरात (पूल हार्बर) ओहोटीच्या वेळी चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, सापडतात असं कळलं. सहलीत वेचून आणल्या आणि सुकं केलं तर चालेल का? मुलंही खाणार आहेत.

प्रेषक: अनंतकाका

मेधा, वेचलेल्या खाऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. तिथल्या मनिला क्लॅम आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मत्स्यशेतीसाठी आणल्या, तेव्हा इतक्या थंड पाण्यात त्यांची पैदास होणार नाही असा अंदाज होता. तो साफ चुकला आणि त्या हार्बरभर पसरल्या.

अडचण अशी की शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू त्याच्या पोटात साठतात. म्हणून विक्रीचा माल आधी अतिनील किरणांनी शुद्ध केलेल्या समुद्राच्या पाण्यात साधारण ४२ तास ठेवतात. घरी मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू निघते, जंतू नाही. शेवाळाचं विष असेल तर ते उकळूनही जात नाही.

चिखलात उतरूही नका, पाय रुततो. इथे दुहेरी भरती येते, म्हणजे एका भरतीपाठोपाठ लगेच दुसरी, त्यामुळे पाणी दिवसातले सोळाएक तास मध्यम पातळीच्या वरच असतं. चिखल थोडाच वेळ उघडा पडतो.

मासळीवाल्याकडे पिशवीवरचं लेबल मागा. त्यावर माल शुद्ध करणाऱ्या केंद्राचा अंडाकृती शिक्का आणि तारीख हवी. घरी आणताना प्लास्टिकची पिशवी बांधू नका, तिसऱ्या गुदमरून मरतात. फ्रिजमध्ये ओल्या फडक्याखाली ठेवा. वाळू काढायला लिटरभर गार पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, दोन-तीन तास, आणि भांड्यात जाळी ठेवून तिच्यावर तिसऱ्या. तळाशी ठेवल्या तर ओकलेली वाळू पुन्हा ओढतात.

प्रेषक: सुलभावहिनी

काकांच्या सांगण्यात सुक्याची भर घालते. उघड्या तिसरीवर टिचकी मारा, मिटली नाही तर फेका. बाकीच्या धुऊन पाण्याशिवाय पातेल्यात घाला, झाकण ठेवा, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं. इतकं होऊनही न उघडलेल्या टाकून द्या. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळा आणि मसाल्यात वापरा, पण ते चांगलंच खारट असतं, म्हणून चव घेतल्याशिवाय मीठ नको. कांदा, वाटण, आमसूल आधी पूर्ण शिजवून घ्या, तिसऱ्या शेवटी घाला आणि दोनच मिनिटं परता. जास्त शिजल्या की रबरासारख्या चिवट होतात. किलोभर आणल्या तरी मांस थोडंच निघतं, दोघांपुरतं सुकं होईल. मुलं धरून हिशेब करा.