रिकी लॅम्बर्टसारखा स्ट्रायकर एकतिसाव्या वर्षापर्यंत नजरेआड कसा राहतो?

गोलरेषा (कोल्हापूर) यांचा प्रश्न

रिकी लॅम्बर्ट या इंग्लिश स्ट्रायकरची (गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूची) कारकीर्द मी अलीकडे पहिल्या क्लबपासून शेवटच्या क्लबपर्यंत क्रमाने पाहिली. १९८२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या कर्कबी येथे जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या अकादमीत गेला आणि पंधराव्या वर्षी त्याला तिथून बाहेर पडावे लागले. ब्लॅकपूलकडून तो लीगचे अवघे ३ सामने खेळला. तो करार संपल्यावर दुसरा क्लब मिळेपर्यंत त्याने बीटच्या कारखान्यात दिवसाला २० पौंडांवर बरण्यांना झाकणे लावण्याचे काम केले. त्यानंतर मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल आणि ब्रिस्टल रोव्हर्स अशी तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली वाटचाल झाली आणि २००९ मध्ये तो साउथॅम्प्टनला आला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर त्याने पहिल्याच स्पर्शात हेडरने गोल केला. इंग्लंडकडून तो त्याचा पहिलाच सामना होता आणि त्याचे वय ३१ होते.

माझे प्रश्न दोन आहेत. तो चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीही याच तोडीचा होता आणि कोणाला दिसला नाही, की तो खरोखरच उशिरा घडला? आणि २०१४ मध्ये साउथॅम्प्टन सोडून लिव्हरपूलला जाण्याचा त्याचा निर्णय खेळाच्या दृष्टीने योग्य होता का? आमच्याकडे शाहू स्टेडियमवर एखादा खेळाडू एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून दुसऱ्या तालमीच्या संघाकडे गेला की लोक लगेच त्याच्या निष्ठेविषयी बोलू लागतात. म्हणूनच सतत क्लब बदलणाऱ्या व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य आतून कसे चालते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

दुसरा पोस्ट यांचे उत्तर

आकडे पाहिले तर तो उशिरा घडला, असेच म्हणावे लागते. स्टॉकपोर्टकडून लीगच्या ९८ सामन्यांत त्याचे १८ गोल आहेत. मात्र हा आकडा वाचताना तो संघ कोणत्या अवस्थेत होता हेही पाहिले पाहिजे. स्टॉकपोर्टची २००२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून आणि २००५ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून घसरण झाली. ज्या संघाचा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत क्वचितच पोहोचतो, त्या संघातल्या स्ट्रायकरची खरी कुवत गोलांच्या आकड्यात उतरत नाही. रॉचडेलला गेल्यावर २००५-०६ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २२ गोल केले. ब्रिस्टल रोव्हर्सकडून १२८ लीग सामन्यांत ५१ गोल केले, आणि त्यांतले २९ एकट्या २००८-०९ च्या हंगामातले होते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याच्या खेळाची जात. उंच आणि धिप्पाड असल्यामुळे त्याला दुरून पाहणाऱ्याने हेडर मारणारा, धक्काबुक्कीत टिकणारा खेळाडू असे समजून सोडून दिले असावे. प्रत्यक्षात गोलाकडे पाठ करून चेंडू ताब्यात ठेवणे, थोडे मागे येऊन धावत येणाऱ्या सहकाऱ्याला नेमका पास देणे आणि फ्री किक व पेनल्टी घेणे ही त्याची बलस्थाने होती. साउथॅम्प्टनकडून त्याने सलग ३४ पेनल्टी गोलात घातल्या. तो कधीच वेगवान नव्हता, आणि म्हणूनच तिशी ओलांडताना त्याचे फारसे काही हरवले नाही. वेगावर जगणारा स्ट्रायकर त्या वयात उतरणीला लागतो. जागा ओळखणे, अंगाने बचावपटूला रोखून धरणे आणि चेंडू शांतपणे खेळणे ही कौशल्ये मात्र सामन्यांगणिक वाढत जातात, आणि लॅम्बर्टने असे शेकडो सामने खालच्या श्रेणीत खेळले होते.

हिशेबनीस यांचे उत्तर

वरच्या उत्तरात पैशाची बाजू राहिली आहे. ती पाहिल्याशिवाय क्लब बदलण्याचे कारण कळणार नाही.

२००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही सशुल्क टीव्ही सेवा कोसळली आणि इंग्लंडच्या खालच्या तीन श्रेणींतील क्लबांचे प्रक्षेपणाचे कोट्यवधी पौंड बुडाले. त्या काळात लहान क्लबांसाठी गोल करणारा स्ट्रायकर ही विकता येण्याजोगी सर्वांत मोठी मालमत्ता होती, आणि ज्याचे गोल थांबले त्याला पुढचा करार मिळेल याची खात्री नव्हती. म्हणजे चांगला खेळला तरी जावे लागते आणि वाईट खेळला तरी जावे लागते. अशा खेळाडूच्या निष्ठेचा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो, कारण दोन वर्षांपुढचे घरभाडे कोणत्या गावात भरायचे हेसुद्धा त्याच्या हातात नसते.

लॅम्बर्टच्या बाबतीत एक तपशील बोलका आहे. २००२ मध्ये स्टॉकपोर्टने त्याच्यासाठी मॅकल्सफील्डला सुमारे ३ लाख पौंड मोजले होते. चार वर्षांनी, रॉचडेलकडून हंगामात २२ गोल केल्यानंतर, ब्रिस्टल रोव्हर्सने त्याला सुमारे २ लाख पौंडांत घेतले. गोल वाढले, अनुभव वाढला आणि किंमत उतरली. बाजाराने एकदा खेळाडूवर चौथ्या श्रेणीचा शिक्का मारला की पुढची प्रत्येक बोली त्या शिक्क्यापासूनच सुरू होते. तेव्हा तो दिसला नाही असे म्हणण्यापेक्षा, दिसला पण वरच्या क्लबांना त्याच्यावर पैसे लावण्याचे धाडस झाले नाही, असे मी म्हणेन.

जुना प्रेक्षक यांचे उत्तर

हिशेबनीस यांच्याशी मी बराचसा सहमत आहे. फक्त ‘धाडस’ या शब्दाने क्लबांवर थोडा जास्तच दोष जातो. याच रॉचडेल संघात २००५ मध्ये लॅम्बर्टच्या जोडीला ग्रँट होल्ट होता, आणि त्याची वाटचाल पाहिली तर हा प्रकार एकट्या लॅम्बर्टचा नव्हता हे दिसते. होल्ट त्याआधी सिंगापूरमधल्या सेंगकांग मरीनकडून खेळला होता आणि बॅरो या लीगबाहेरच्या क्लबात असताना टायर बसवण्याचे काम करत होता. पुढे शेफील्ड वेन्सडे, रॉचडेल, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि श्रूसबरी असे करत तो २००९ मध्ये नॉर्विचला पोहोचला. लॅम्बर्ट साउथॅम्प्टनला गेला तोही याच उन्हाळ्यात, आणि दोन्ही क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होते. नॉर्विच सलग दोन बढत्या मिळवून प्रीमियर लीगमध्ये गेले आणि होल्टने २०११-१२ मध्ये तिथे १५ गोल केले. पुढच्याच हंगामात लॅम्बर्टनेही प्रीमियर लीगमध्ये नेमके १५ गोल केले. चौथ्या श्रेणीतल्या एका क्लबाची आघाडीची जोडी सात-आठ वर्षांनी, वेगवेगळ्या संघांतून, देशाच्या सर्वोच्च स्पर्धेत असे गोल करते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. होल्टला मात्र इंग्लंडची टोपी, म्हणजे राष्ट्रीय संघाकडून खेळण्याची संधी, कधीच मिळाली नाही.

म्हणून माझे मत असे की या दोघांना वर आणले ते वर चढणाऱ्या क्लबांनी. २००९ मध्ये साउथॅम्प्टन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परतले होते, १० गुणांची वजावट घेऊन तिसऱ्या श्रेणीत आले होते आणि मार्कुस लीबहेर यांनी क्लब विकत घेतल्यामुळे हाती पैसा होता. त्यांनी सुमारे १० लाख पौंडांत लॅम्बर्टला घेतले, त्याच्या वजनावर आणि तंदुरुस्तीवर कसून मेहनत करवून घेतली आणि आक्रमण त्याच्याभोवती रचले. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३० गोल केले. २०११ मध्ये एक बढती, २०१२ मध्ये दुसरी, आणि त्या दुसऱ्या बढतीच्या हंगामात २७ गोलांसह तो दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्याला श्रेणी ओलांडण्यासाठी क्लब बदलावा लागला नाही, क्लबच त्याच्यासह वर गेला. साउथॅम्प्टनला तो आधीपासून ठाऊक होता, हेही सांगायला हवे: फेब्रुवारी २००८ मध्ये एफए कप या बाद स्पर्धेच्या सामन्यात ब्रिस्टल रोव्हर्सने त्यांना १-० असे हरवले तेव्हा गोल लॅम्बर्टचाच होता, फ्री किकवरचा.

गोलरेषा

सर्वांचे मनापासून आभार. रॉचडेलच्या जोडीची गोष्ट मला माहीत नव्हती. लिव्हरपूलच्या निर्णयाविषयीही कोणी लिहावे अशी विनंती करतो.

दुसरा पोस्ट

ज्या क्लबाने पंधराव्या वर्षी नाकारले, लहानपणापासून ज्याचे सामने पाहिले, त्याच क्लबाने बत्तिसाव्या वर्षी सुमारे ४० लाख पौंड मोजून बोलावले, तर नाही म्हणणे मला माणसासारखे वाटत नाही. तरीही खेळाच्या दृष्टीने तो निर्णय त्याला महाग पडला. साउथॅम्प्टनमध्ये त्याने एकूण २३५ सामन्यांत ११७ गोल केले होते, आणि लिव्हरपूलमध्ये प्रीमियर लीगच्या २५ सामन्यांत केवळ २. त्यांतला पहिला गोल नोव्हेंबर २०१४ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध झाला आणि त्याच आठवड्यात चॅम्पियन्स लीगमध्ये लुदोगोरेत्सविरुद्ध आणखी एक. लिव्हरपूलच्या इतर स्ट्रायकरांपैकी सुआरेझ त्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला गेला होता, बालोटेल्ली नंतर आला, स्टरिज दुखापतींनी बाहेर होता, आणि तरीही लॅम्बर्ट बहुतेक वेळा बदली खेळाडू म्हणूनच उतरत राहिला. सगळा संघ त्याच्याकडे पाहून खेळतो तेव्हाच त्याची किंमत कळते. शेवटच्या पंधरा मिनिटांत उतरून वेगाने धावणे ही त्याची रीत नव्हती.

पण सगळा दोष लिव्हरपूलच्या वर्षावर टाकणे मला पटत नाही. २०१५ मध्ये तो वेस्ट ब्रॉमला गेला. तिथले प्रशिक्षक टोनी प्युलिस यांची खेळवण्याची पद्धत कागदावर तरी त्याच्यासारख्या भरदार स्ट्रायकरला साजेशी होती, आणि तिथेही १९ लीग सामन्यांत एकच गोल झाला. पुढे कार्डिफमध्ये दुसऱ्या श्रेणीत १८ सामन्यांत ४ गोल करून तो थांबला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. साउथॅम्प्टनमध्येच राहिला असता तर आणखी एखादा चांगला हंगाम मिळाला असता, असा माझा अंदाज आहे. दोन मिळाले असते असे मात्र वाटत नाही.