मदत हवी आहे: क्वांटम मॉडेल १२ क्युबिटवर शिकतच नाही, लॉस ०.६९ वर चिकटलाय

मांगरातला:

नमस्कार मंडळी. देवगडजवळच्या वाडीतून लिहितोय, एमएस्सीचा प्रकल्प आहे. रेंज फक्त मांगराच्या मागच्या कातळावर येते, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.

आमच्या हापूसला साका होतो हे इथल्या बागायतदारांना सांगायला नको. बाहेरून फळ सोन्यासारखं, अढीतून काढून कापलं की कोयीपाशी पांढरट, भुसभुशीत, आंबूस. बाबांचं म्हणणं एकच, "आंबो कापल्याशिवाय कळाचो नाय." म्हटलं, बघूया मशीनला कळतं का.

गेल्या हंगामात चौदा आणे तयार झालेली २४० फळं झेल्याने उतरवली, मोजली, पिकवली आणि एकेक कापली. (आई अजून त्या २४० आंब्यांचा हिशेब मागते.) ३१ फळांत साका निघाला. प्रत्येक फळाचे बारा रकाने आहेत: वजन, पाण्यात बुडवून घेतलेलं वजन, लांबी, रुंदी, जाडी, मोहोरापासूनचे दिवस, शिवाय डेखाकडच्या आणि चोचीकडच्या फोटोतून रंगाचे तीन-तीन आकडे.

पेनीलेन या क्वांटम प्रोग्रामिंगच्या पायथन लायब्ररीत सर्किट बांधलंय. बारा रकाने, म्हणून १२ क्युबिट (क्वांटम संगणकातले बिट). प्रत्येक आकडा ० ते π मध्ये बसवून तेवढ्या कोनाने क्युबिट फिरवतो. त्यावर पाच थर, दर थरात प्रत्येक क्युबिटला तीन कोन, म्हणजे १८० पॅरामीटर. सुरुवातीला सगळे रँडम. शेवटी बाराही क्युबिटच्या झेडचा (मोजल्यावर येणारा +१ किंवा -१) गुणाकार मोजतो आणि तो आकडा सिग्मॉइडमध्ये (कुठलाही आकडा ० ते १ मध्ये बसवणारं सूत्र) घालतो. १८० फळं शिकवायला, ६० तपासायला. एकेक आंबा घेऊन पाऊल टाकतो. सिम्युलेटरच आहे, पण खऱ्या यंत्रासारखं वाटावं म्हणून १०२४ शॉट्स ठेवलेत, म्हणजे तेच सर्किट तितक्यांदा चालवून सरासरी घेतो.

चार रकाने घेऊन चार क्युबिटवर केलं तेव्हा लॉस (मॉडेल किती चुकतंय त्याचा आकडा) हळूहळू का होईना उतरला. बारावर मात्र दोन रात्री लॅपटॉप चालवला (मध्ये वीज गेली ती वेगळीच) तरी लॉस ०.६९, ०.७०, ०.६९. लर्निंग रेट (दर पावलाची लांबी) दहापट वाढवून पाहिला, दहापट कमी करून पाहिला. भरतीला नांगर टाकलेल्या होडीसारखं नुसतं डुलतंय.

खऱ्या यंत्रावर टाकायचं म्हणून आयबीएमच्या फुकट खात्यातली महिन्याची १० मिनिटंही पहिल्याच दिवशी उडवली. हाती काही नाही. बग आहे की माझंच काही चुकतंय?

खाडीपलीकडे:

बग नाही. पाठ्यपुस्तकातलं दुखणं आहे, नाव बॅरन प्लॅटो. आपल्याकडे सडा म्हणतात तसं समजा: चारी बाजूंना सपाट कातळ, उतार कुठे ते पायाला कळतच नाही. मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की रँडम कोनांच्या पुरेशा खोल (बऱ्याच थरांच्या) सर्किटात ग्रेडियंटचं, म्हणजे लॉसच्या उताराचं, विचरण (व्हेरियन्स) क्युबिटच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने घसरतं. १२ क्युबिटला ते साधारण ४०९६ मध्ये एक भाग धरा, वर्गमूळ काढलं की ग्रेडियंट ०.०१५ च्या आसपास. तुमच्या १०२४ शॉट्सच्या मोजमापाचा हेलकावा वर्गमुळाच्या हिशेबाने १/३२, म्हणजे ०.०३. उतारापेक्षा हेलकावाच मोठा. लर्निंग रेट बदलून काय होणार?

त्यात बाराही क्युबिटचा गुणाकार मोजणं म्हणजे आगीत तेल. सेरेझो वगैरेंचा २०२१ चा निकाल आहे की असं सगळ्यांवर पसरलेलं मोजमाप उथळ सर्किटातही प्लॅटो आणतं, एकदोन क्युबिटपुरतं मोजमाप उथळ सर्किटात तग धरतं. एकच क्युबिट मोजा, थर दोनच ठेवा, कोन शून्याजवळून सुरू करा. आधी शॉट्स बंद करून ग्रेडियंट छापून बघा, खात्री पटेल.

आणि १० मिनिटांचं म्हणाल तर हिशेब करा. खऱ्या यंत्रावर बॅकप्रॉप (सगळे ग्रेडियंट एकाच उलट फेरीत काढायची पद्धत) नाही, मधली अवस्था मोजायला गेलात की मोडते. मग प्रत्येक कोन ९० अंश पुढे, ९० अंश मागे करून दोनदा सर्किट चालवायचं. १८० कोनांना ३६०, गुणिले १८० आंबे, म्हणजे डेटावरून एका फेरीला ६४,८०० सर्किटं. गुणिले १०२४ शॉट्स, साडेसहा कोटींच्या वर. शिकवणी लॅपटॉपवरच उरका आणि शेवटची ६० फळं तेवढी यंत्रावर तपासा.

सुरंगी:

वरच्या सगळ्याला +१. पण माझी शंका आंब्यांवर आहे. ०.६९ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग. तुमचं मॉडेल प्रत्येक फळाला "अर्धा-अर्धा" म्हणतंय. २४० पैकी ३१ हे प्रमाण जरी त्याला कळलं असतं तरी लॉस ०.३८ च्या आसपास आला असता! सिग्मॉइडच्या आधी साधा गुणक आणि बायस (वर मिळवायचा एक आकडा) जोडा, ते दोन आकडे सर्किटाबाहेर असतात, त्यांना प्लॅटो नाही.

उद्या कुणी अचूकता विचारली तर सावध राहा. डोळे मिटून "साका नाही" म्हणणाराही ८७ टक्के बरोबर ठरतो. ३१ पैकी किती पकडले ते सांगा. तेच बारा रकाने आधी लॉजिस्टिक रिग्रेशनला, म्हणजे क्वांटम नसलेल्या जुन्या साध्या मॉडेलला, द्या. बोल्स, अहमद आणि शुल्ड यांनी २०२४ मध्ये क्वांटम मॉडेलं साध्या मॉडेलांशेजारी ठेवून तपासली, तेव्हा एकंदरीत साधीच पुढे निघाली. तुमच्याकडे तर पाण्यातलं वजन आहे. मला वाटतं सगळा जीव त्याच रकान्यात असणार.

मांगरातला:

दोघांचेही आभार. काल कातळावर बसूनच करून पाहिलं. शॉट्स बंद केल्यावर पहिल्या कोनाचा ग्रेडियंट ०.००८ आला. बघून आधी हसू आलं, मग त्या दोन रात्री आठवल्या. एकाच क्युबिटचं मोजमाप, दोन थर आणि बायस, एवढ्यावर लॉस ०.३६ पर्यंत उतरला. लॉजिस्टिक रिग्रेशन मात्र ०.३१, तेही दोन सेकंदांत.

आता अडचण वेगळी. गाईडना शीर्षकात क्वांटम हवंच आहे. साक्याचा शोध म्हणून हे सादर केलं तर हरलेलं मॉडेल दाखवावं लागेल.

खाडीपलीकडे:

मग साका बाजूला ठेवा, प्लॅटोच दाखवा. २, ४, ६, ८, १०, १२ क्युबिट, प्रत्येकी दोनशे रँडम सुरुवाती, ग्रेडियंटचं विचरण लॉग अक्षावर. एक रेघ गुणाकार मोजून, दुसरी एकच क्युबिट मोजून. आंबे उदाहरणापुरते. लॅपटॉपला एक रात्र पुरे, इन्व्हर्टर तेवढा चार्ज असू द्या.

मांगरातला:

हे गाईडना पटेल. आज रात्री लावतो. सुरंगीताई, पाण्यातल्या वजनाचं तुमचं खरं निघालं, तो एक रकाना काढला की लॉजिस्टिकही ०.३७ वर येतं. बाबांना सांगितलं तर ते पाण्याची बादली घेऊन थेट अढीकडेच गेले.